सगळ्याच रकान्यांना लाल चांदणी नको

या वेळी आलेली पत्रं बहुतेक एकाच विषयाभोवतीची आहेत, शिक्षकांनी केलेलं साहित्य साइटवर टाकताना फॉर्ममधले कुठले रकाने सक्तीचे ठेवायचे, म्हणून एकत्रच घेतेय. नावं कोणाचीच छापली नाहीयेत, तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : मॅडम, आम्ही दिंडोरी तालुक्यातले चाळीसेक शिक्षक. गेल्या चार वर्षांत व्हिडिओ, वर्कशीट, पीपीटी, ऑडिओ मिळून सहाशेच्या वर साहित्य तयार केलंय आणि ते सगळं एका ड्राइव्हवर नुसतं पडून आहे. आता त्याची नीट वेबसाइट करायचं ठरलंय. आमचाच एक माजी विद्यार्थी ती करून देतोय, त्याने विचारलं की अपलोडच्या फॉर्ममध्ये कुठली फील्ड कंपल्सरी ठेवू, आणि तिथेच गाडी अडली. एक सर बत्तीस फील्डची यादी घेऊन आले, म्हणतात सगळी भरल्याशिवाय सबमिट व्हायलाच नको, ऐच्छिक ठेवलं की कोणी हात लावत नाही. दुसरे म्हणतात शीर्षक आणि फाइल, बास झालं. तीन मीटिंगा झाल्या, निकाल नाही. काय करावं?
— एक शिक्षिका, दिंडोरी

उत्तर : ताई, पहिल्यांदा हे सांगते की तुमचे ते बत्तीसवाले सर चुकीच्या कारणासाठी भांडत नाहीयेत. ऐच्छिक रकाना कोणी भरत नाही हे खरंच आहे, मी इतकी वर्षं ग्रंथालयात नोंदी करतेय, मला ते पदोपदी दिसतं. पण सक्ती केली की काय होतं तेही मी जवळून पाहिलंय.

मागे एका शाळेत अपलोड करणाऱ्या बाईंच्या शेजारी मी तासभर बसले होते. फॉर्मवर बावीस लाल चांदण्या, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही असे बावीस रकाने. बाईंनी भिंगावरचा सहा मिनिटांचा व्हिडिओ केलेला, दहावीसाठी, फार सुंदर केलेला, मेणबत्ती आणि पांढरा पुठ्ठा घेऊन घरातच शूट केलेला. शीर्षक, इयत्ता, विषय, भाषा इथपर्यंत त्या भराभर आणि मनापासून भरत गेल्या. मग आली काठिण्य पातळी. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या मध्यम टाकते. मग आला आंतरक्रियेचा प्रकार, त्यात ड्रॉपडाउनमध्ये तीन शब्द, तिन्हीचा अर्थ कोणालाच नीट माहीत नाही, त्यांनी पहिला निवडला. अपेक्षित वेळ विचारला तर चाळीस टाकलं, कारण तास चाळीस मिनिटांचा असतो! आणि की-वर्डच्या रकान्यात त्यांनी नुसतं एक टिंब दिलं. टिंब दिलं की फॉर्म पुढे सरकतो हे सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. नंतर मी त्या साइटची एक्सेल काढून बघितली तर खाली खाली खाली टिंबच टिंब, आणि काठिण्याच्या कॉलममध्ये पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मध्यम.

मला त्याचं वाईट वाटलं ते बाईंसाठी नाही, त्या तर संध्याकाळी सहानंतर बसून हे करत होत्या. वाईट वाटलं ते नोंदीसाठी. रकाना रिकामा राहिला तर निदान दिसतो तरी, उद्या कोणी बसून भरेल. खोटं चाळीस भरलेलं असलं की ते कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एखादा शिक्षक 'दहा मिनिटांच्या आतलं' असा फिल्टर लावतो तेव्हा सहा मिनिटांचा तो चांगला व्हिडिओ त्याला दिसतच नाही.

जगात यावर बरंच काम झालंय, ते माहीत असलं तर मीटिंगमध्ये उपयोगी पडेल. नोंदीत कुठली माहिती असावी याची डब्लिन कोअर म्हणून जी यादी सगळे वापरतात (हे डब्लिन आयर्लंडचं नाही, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं, १९९५ मध्ये तिथे बैठक झाली होती) तिच्या मूळ गाभ्यात १५ घटक आहेत आणि त्यातला एकही सक्तीचा नाही. शैक्षणिक साहित्यासाठी २००२ मध्ये आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेचं एलओएम हे स्टँडर्ड आलं, त्यात नऊ गट आणि सत्तरहून जास्त घटक, आणि तिथेही सक्ती कशाचीच नाही. मी सुरुवातीला हे वाचून चक्रावले होते, म्हटलं एवढी मोठी माणसं एकत्र बसली आणि हे कंपल्सरी एवढंही ठरवता येईना? पण त्यांचा विचार बरोबर होता. कंपल्सरी काय ते ज्याच्या त्याच्या वाचकावर अवलंबून असतं, म्हणून ते ज्याने त्याने आपल्यापुरतं ठरवायचं. दुसऱ्या टोकाला डेटासाइट ही संशोधनाच्या डेटाला कायमचा क्रमांक देणारी संस्था, तिने सक्तीचे फक्त सहा ठेवलेत : ओळख क्रमांक, कर्ता, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि प्रकार. बाकीच्यांतले काही 'भरलं तर बरं' आणि काही निव्वळ ऐच्छिक. तुमच्या तालुक्याला बत्तीस लागावेत असं मला तरी दिसत नाही.

आता प्रत्येक रकान्याला दोन प्रश्न विचारायचे. हा रिकामा राहिला तर नेमकं कोणाचं काय अडेल? आणि भरणाऱ्याला याचं उत्तर तिथल्या तिथे, कोणाला फोन न करता, माहीत असेल का? दोन्हीला हो आलं तरच लाल चांदणी. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही आलं तर रकाना ठेवायचा पण तो दुसऱ्या माणसाने भरायचा. पहिल्यालाच कोणाचं नाव घेता येत नसेल तर रकाना काढून टाका, कितीही विद्वत्तापूर्ण वाटत असला तरी.

अध्ययन निष्पत्तीचंच बघा, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं ते. रिकामी राहिली तर ज्याला त्या निष्पत्तीवर साहित्य शोधायचंय त्याचं अडतं, नक्की अडतं. पण व्हिडिओ करणाऱ्याला तिचा कोड तोंडपाठ नसतो, तो पाठ्यपुस्तक उघडून जवळपासचा कुठलातरी टाकून मोकळा होतो. मग ते काम विषयाच्या एकाच माणसाकडे द्या, महिन्यातून एकदा बसून तो पन्नास नोंदींना कोड लावेल आणि सगळे एकाच हिशोबाने लागतील. काठिण्य पातळी मात्र सरळ काढा. एका शिक्षकाला जे सोपं ते दुसऱ्याच्या वर्गात अवघड, त्यावर दोन माणसांचं कधी एकमत झालेलं मी पाहिलं नाही.

शिवाय जे मशीनला कळतं ते माणसाला विचारूच नका. अपलोडची तारीख, फाइलचा साइझ, पीडीएफ आहे का एमपीफोर, व्हिडिओची लांबी, नोंदीचा क्रमांक, लॉगिनवरून अपलोड करणाऱ्याचं नाव, हे सगळं तुमचा तो विद्यार्थी आपोआप भरून घेऊ शकतो, त्याला सांगा. आणि साइझ यादीतच शीर्षकाशेजारी दिसू द्या. पेठ-सुरगाण्याकडचे बरेच शिक्षक नाशिकला आले की डाउनलोड करून पेनड्राइव्हवर नेतात, त्यांना २८० एमबीची फाइल उघडल्यावर कळून काय उपयोग?

तर तुमच्यासाठी मी आठ म्हणेन. शीर्षक, दोन ओळींचं वर्णन, भाषा, विषय, इयत्ता, प्रकार, कोणी केलं, आणि लायसन्स, म्हणजे दुसऱ्यांनी ते कुठल्या अटींवर वापरायचं ते. बोर्ड तुमच्याकडे एकच असेल तर ते आधीच भरलेलं ठेवा, विचारू नका.

यातलं शीर्षक सगळ्यांना सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो. तुमच्या ड्राइव्हवर आत्ता बघा, 'युनिट ३ फायनल', 'युनिट ३ फायनल नवीन', 'पीपीटी सुधारित २' असली नावं निघतील. बनवणाऱ्याला ती कळतात, शोधणाऱ्याला नाही. फॉर्ममध्ये रकान्याच्या खालीच एक नमुना द्या : 'अपूर्णांकांची बेरीज – समान छेद – सरावपत्रिका'. काही साइटा अपलोड केलेल्या पीडीएफमधूनच शीर्षक उचलतात, ते बंद करा, नाहीतर 'मायक्रोसॉफ्ट वर्ड – डॉक्युमेंट १' या नावाच्या साठ नोंदी होतील.

आणि मराठीची एक खास अडचण आहे, ती इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत सहसा मिळत नाही. ॲनिमेशनमधला 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे थेट ॲ हे एकच अक्षर, ते युनिकोडमध्ये (अक्षरांना कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणारी जागतिक पद्धत) २००८ मध्ये आलं, आणि दुसरं म्हणजे अ टाइप करून त्यावर चंद्र द्यायचा. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे एकाने एका पद्धतीने शीर्षक दिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं की 'काही सापडले नाही'. ही शिक्षकाची चूक नाही, त्याला कळणारही नाही, साइट करणाऱ्याने सेव्ह करतानाच आणि शोधतानाही सगळे एकाच रूपात आणायला हवेत. जुन्या फॉन्टमधली टायपिंग कॉपी-पेस्ट केली तर शीर्षकाच्या जागी चिन्हांचा कचरा येतो तो वेगळाच. म्हणून शीर्षक युनिकोडमध्ये, ही अट लाल चांदणीइतकीच पक्की धरा.

इयत्तेला एकच निवडायची सक्ती करू नका, अपूर्णांक काही एकाच वर्गात येऊन संपत नाहीत, तीन इयत्तांवर टिक करता आली पाहिजे. वर्णनाला 'सारांश लिहा' असं नका म्हणू, शिक्षक घाबरतात. 'हे वर्गात कसं वापरायचं?' असं विचारा. मग उत्तर येतं, 'ग्लास, पाणी, पेन्सिल घेऊन अपवर्तन दाखवलंय, व्हिडिओला आवाज नाही, बोलायचं शिक्षकाने.' यातला आवाज नाही हा शब्द कुठल्या रकान्यात बसला असता सांगा!

आणखी एक गोष्ट, काही रकाने अर्धे सक्तीचे ठेवता येतात. प्रकारात व्हिडिओ निवडला तरच खाली प्रश्न उघडावा, सबटायटल आहेत का, हो की नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी शोधणाऱ्याला ते लागतंच, आणि वर्कशीटवाल्याला त्याचा त्रास नाही.

चौथी मीटिंग घेण्याआधी एवढं करा. मीटिंगला कधीही न आलेले तीन शिक्षक बोलवा, प्रत्येकी दोन-तीन फाइल भरायला द्या, आणि शेजारी बसून फक्त बघा. कुठे हात थांबतो, कुठे 'इतर' निवडलं जातं, तिथे पेन्सिलने खूण करा. बोलू नका, मदत करू नका. बत्तीसवाल्या सरांनाच शेजारी बसवा, त्यांना रकान्यांची कळकळ आहे म्हणूनच ते सगळ्यात चांगलं बघतील.

प्रश्न : आमच्या ग्रुपने लायसन्सचा रकाना कंपल्सरी केला आणि सगळ्यांना सीसी बाय (मूळ कर्त्याचं नाव दिलं की कोणीही वापरावं) निवडायला सांगितलं. आता एक जण म्हणतोय की त्याच्या पीपीटीतले फोटो गूगलवरून घेतलेले आहेत. काय करायचं?
— सिन्नर

उत्तर : रकाना कंपल्सरी केला ते अगदी बरोबर केलंत, उत्तर कंपल्सरी केलं तिथे चुकलं. क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स फक्त आपल्या मालकीच्या गोष्टीवर देता येतं. दुसऱ्याच्या फोटोवर तुम्ही सीसी बाय लिहिलं म्हणून तो मोकळा होत नाही, उलट पुढचा शिक्षक तुमच्या भरवशावर तो पुस्तिकेत छापेल आणि अडचणीत येईल. दुसरं असं की हे लायसन्स एकदा दिलं की ज्यांनी त्या अटींवर घेतलंय त्यांच्याकडून परत घेता येत नाही, त्यामुळे घाईत टिक करण्याची ही जागाच नाही.

ड्रॉपडाउनमध्ये चार पर्याय पुरे होतील : सीसी बाय, सीसी बाय-एसए (बदल करून पुढे दिलं तर तेच लायसन्स ठेवायचं), सर्व हक्क राखीव, आणि 'माहीत नाही, तपासायचंय'. हा चौथा पर्याय फार महत्त्वाचा. तो निवडला तर फाइल अपलोड व्हावी पण सगळ्यांना दिसू नये, एका माणसाच्या यादीत जाऊन थांबावी. मग तो माणूस फोटो बदलून देईल किंवा परवानगी मागेल. एनसी म्हणजे बिनव्यापारी हे बऱ्याच शिक्षकांना चांगलं वाटतं, म्हणून यादीत घालायचं तर घाला, पण मग ते साहित्य झेरॉक्स काढून पैसे घेणाऱ्या दुकानात चालेल का, क्लासमध्ये चालेल का, असले प्रश्न सुरू होतात. मी तरी माझं सगळं सीसी बाय-एसएखाली ठेवते, एनसीईआरटीच्या मुक्त साहित्याच्या भांडारातही तेच धोरण होतं आणि आपल्या कामाला ते जुळतं.

तुमच्या त्या पीपीटीवाल्यांना ओरडू नका मात्र. त्यांनी खरं सांगितलं म्हणून तर कळलं.

प्रश्न : बागलाण आणि सुरगाण्यातल्या बालवाडी-पहिलीसाठी आम्ही स्थानिक बोलीत गोष्टी रेकॉर्ड केल्यात, अहिराणीत आणि कोकणा भाषेत. फॉर्ममध्ये भाषा कंपल्सरी आहे पण यादीत मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू एवढंच. सगळ्यांनी मराठी निवडलं. दुसरं म्हणजे सेमी इंग्लिशचे व्हिडिओ कुठे टाकायचे?
— सटाणा

उत्तर : हा प्रश्न वाचून मी लगेच उत्तर लिहायला बसले, कारण यात सक्तीच्या रकान्याने माहिती नुसती चुकवली नाही, पुसून टाकली. एवढ्या मेहनतीने गोळा केलेल्या अहिराणी गोष्टी आता त्या साइटवर मराठी म्हणून नोंदल्या गेल्यात, उद्या कोणी अहिराणी शोधलं तर शून्य येणार.

भाषांसाठी आयएसओ ६३९ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्यात मराठीचे कोड एमआर आणि एमएआर असे आहेत, उर्दूचा यूआर, आणि अहिराणीलाही स्वतःचा कोड आहे, एएचआर. कोकणा भाषेला केईएक्स. यादी करणाऱ्याला हे द्या. आणि एक सांभाळा, सुरगाणा-पेठकडची कोकणा आणि गोव्याची कोकणी या दोन वेगळ्या आहेत, यादीत कोकणा नसेल तर माणूस जवळचं म्हणून कोकणी निवडतो आणि मग गोव्यातल्या शिक्षकाला सुरगाण्याची गोष्ट ऐकायला मिळते. कोड शिक्षकांना दाखवायचे नाहीत हं, त्यांना नावंच दिसू देत, कोड मागे राहू दे.

सेमीचा घोळ असा की भाषा आणि माध्यम हे दोन रकाने आहेत आणि बहुतेक फॉर्ममध्ये त्यांचा एकच करून टाकलेला असतो. माध्यम म्हणजे मुलगा कुठल्या माध्यमाच्या वर्गात बसतो ते, भाषा म्हणजे साहित्यात काय ऐकू येतं आणि काय वाचायला मिळतं ते. सेमीत गणित-विज्ञानाच्या व्हिडिओत पाटीवर इंग्रजी आणि बोलणं मराठी, मग एकच भाषा कशी निवडणार? भाषेला एकापेक्षा जास्त टिक करता आल्या की निम्मं काम झालं. जमलं तर 'ऐकू येणारी' आणि 'दिसणारी' असे दोन भाग करा. सरकारच्या दीक्षा ॲपवर सुरुवातीलाच बोर्ड, माध्यम, इयत्ता विचारतात ते तुम्ही पाहिलं असेल, ते त्यांच्यासाठी बरोबर आहे कारण तिथे सगळं पाठ्यपुस्तकाला आणि त्यातल्या क्यूआर कोडला जोडलेलं आहे. तुमच्या बालवाडीच्या गोष्टींना पाठ्यपुस्तकच नाही, त्यामुळे माध्यम सक्तीचं नको, भाषा मात्र हवीच.

आधी ज्या मराठी म्हणून गेल्यात त्या याच आठवड्यात दुरुस्त करा, ज्यांनी रेकॉर्ड केल्या त्यांना आठवतंय तोवर.

प्रश्न : नवीन नियम ठरले, पण जुन्या बाराशे नोंदींचं काय? त्या आता अर्धवट आहेत, साइट त्या एडिटच करू देत नाही, कारण कंपल्सरी रकाने रिकामे.
— निफाड

उत्तर : हे फार होतं. सक्ती नव्या नोंदींना लावायची आणि जुन्यांना तारखेने सूट द्यायची, हे साइट करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण अजूनही करता येतं. आत्ता काय होतंय, एखाद्याला जुन्या नोंदीतली शुद्धलेखनाची चूक सुधारायचीय, तर त्याला आठ रकाने भरायला लागतात, म्हणून तो चूक तशीच सोडून देतो.

बाराशे एकदम भरायला बसू नका, दमाल आणि टिंबं द्यायला लागाल. सगळ्यात जास्त डाउनलोड झालेल्या वर येतील अशी यादी लावा, वरच्या शंभर नोंदी आधी. साधारण लोक जे वापरतात ते थोडंच असतं, तेवढं नीट झालं तरी साइट सुधारल्यासारखी वाटेल. ज्यांना दोन वर्षांत कोणीच उघडलं नाही त्यांना मागे ठेवा, काढू मात्र नका. जिथे कर्ता माहीत नाही तिथे 'अज्ञात' असा ठरलेला एकच शब्द वापरा, रेघ, टिंब, शून्य असं प्रत्येकाने आपापलं नको, म्हणजे नंतर ते वेगळे काढता येतील.

आणि भरताना तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, २०२४-०६-०५ अशी घ्या. तुमच्या पाठवलेल्या एक्सेलमध्ये ५/६/२४ लिहिलंय, तो पाच जून आहे का सहा मे हे मला अर्धा तास बघूनही ठरवता आलं नाही, ज्या सरांनी भरलंय त्यांनाच एकदा विचारून घ्या.